हँबुर्गच्या पटावरचे पाचजण

१९३० च्या जुलै महिन्यात जर्मनीतील हँबुर्ग शहरी बुद्धिबळाची जी तिसरी ऑलिंपियाड भरली, तीत अठरा देशांचे संघ उतरले होते, आणि सतरा फेऱ्यांच्या अखेरीस हंगेरीला दीड गुणाने मागे टाकून पोलंडचा संघ पहिला आला. ज्या पोलंडच्या नावाने हे खेळाडू पटावर बसत होते, तो देश शतकाहून अधिक काळ तीन साम्राज्यांत वाटला जाऊन नकाशावरून नाहीसा झाला होता व पुन्हा नकाशावर येऊन त्याला उणीपुरी बारा वर्षे झाली होती. आणि त्याला हा पहिला मान ज्यांनी मिळवून दिला, त्या पाचजणांपैकी चौघांचा जन्म ज्यू घराण्यांत झालेला होता. आकिबा रूबिनस्टाइन, साव्हिएली तार्ताकोवर, डाविड प्शेप्यूर्का, पाउलिन फ्रीडमन आणि यांत एकटा ज्यू नसलेला काझिमेझ माकार्चिक, अशी ती नावे. पहिल्या पटावर बसलेला रूबिनस्टाइन पन्नाशीला टेकला होता. त्याने सतराच्या सतरा डाव खेळले. तेरा जिंकले, चार बरोबरीत सोडविले आणि हरला एकही नाही.

बुद्धिबळाच्या इतिहासात ज्यू खेळाडूंचे स्थान कोणते, हा प्रश्न निघाला की बहुधा जगज्जेत्यांची यादी पुढे केली जाते, आणि ती यादी खरोखरच बोलकी आहे. १८८६ साली अमेरिकेत झुकरटॉर्टचा पराभव करून पहिला जगज्जेता ठरलेला विल्हेल्म स्टाइनिट्झ हा प्रागच्या ज्यू वस्तीत जन्मलेला. १८९४ साली त्याच्याकडून ते पद घेणारा इमानुएल लास्कर हा बर्लिनशेन नावाच्या लहानशा गावातील सिनेगॉगात प्रार्थना गाणाऱ्याचा मुलगा. या दोघांच्या हाती मिळून पस्तीस वर्षे ते पद राहिले, आणि त्यांतली सत्तावीस एकट्या लास्करची. पुढे बोत्विनिक आला, ताल आला. परंतु एखाद्या समाजाने एखाद्या विद्येला काय दिले, हे केवळ सिंहासनावर बसलेल्यांवरून मोजावे हे मला पटत नाही. ज्याला सिंहासन कधीच मिळाले नाही, परंतु ज्याचे डाव अभ्यासल्याशिवाय आजही कोणाला सिंहासनाच्या वाटेवर पाऊल टाकता येत नाही, त्या रूबिनस्टाइनच्या आणि त्याच्याबरोबर हँबुर्गला बसलेल्या सोबत्यांच्या वाटा पाहिल्या म्हणजे या प्रश्नाचे उत्तर अधिक खरेपणाने हाती लागते.

रूबिनस्टाइनचे गाव स्ताविस्की. रशियाच्या झारच्या अंमलाखालील पोलंडच्या ईशान्य भागातले हे लहान, निर्धन गाव. ज्यूंनी कोठे वस्ती करावी, कोणता धंदा करावा, किती मुलांनी सरकारी शाळेत बसावे, याच्या हद्दी त्या साम्राज्यात सरकारी हुकमाने आखलेल्या असत, आणि त्या हद्दींच्या आत जन्मलेल्या हुशार मुलापुढे विद्येची जी एक वाट निर्वेध मोकळी होती, ती म्हणजे धर्मशास्त्राची. आजी-आजोबांच्या छायेत वाढलेल्या आकिबाला याच वाटेने धाडण्यात आले. तालमूदची पाठशाळा कशी चाले, याची कल्पना आपल्याकडील जुन्या शास्त्र्यांच्या पाठशाळांवरून पुष्कळशी करता येईल: पानाच्या मध्यभागी मूळ वचन, त्याच्या भोवती चहूबाजूंनी शतकाशतकांतील भाष्यकारांची मते, आणि त्या पानावर समोरासमोर बसून मोठ्याने वाद घालणारे दोन विद्यार्थी, ज्यांपैकी एकाने पूर्वपक्ष मांडावा आणि दुसऱ्याने तो खोडून काढावा. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून अधिक बळकटपणे स्वतःच्या मनात मांडून मगच त्याला उत्तर शोधावे, ही जी सवय तेथे लागे, तीच बुद्धिबळाच्या खेळाडूची पहिली सवय होय. बुद्धिबळ रूबिनस्टाइन किशोरवयात शिकला, म्हणजे मोठ्या खेळाडूंच्या मानाने बऱ्याच उशिरा. पुढे या पटापायी त्याने धर्मशास्त्राची वाट सोडली आणि लोद्झ शहर गाठले.

लोद्झ म्हणजे कापडाच्या गिरण्यांचे शहर. एका शतकाच्या आत खेड्याचे औद्योगिक नगर झालेले, भोंग्यावर चालणारे, धुराड्यांनी भरलेले, जर्मन, पोलिश आणि ज्यू वस्तीचे हे शहर ज्याने मुंबईचे गिरणगाव पाहिले आहे त्याला डोळ्यांपुढे आणणे अवघड नाही. येथे गेऑर्ग साल्वे नावाचा नामांकित खेळाडू होता आणि बुद्धिबळाला वाहिलेले लोकही होते. या साल्वेबरोबर १९०३ साली रूबिनस्टाइनचा सामना झाला तो बरोबरीत सुटला, आणि पुढल्याच वर्षी शिष्याने गुरूला मागे टाकले. बुद्धिबळाचा पट हा त्या काळच्या निर्धन ज्यू तरुणाला का जवळचा वाटला असेल, हे लोद्झमध्ये बसून विचार केला म्हणजे उमगते. या विद्येला भांडवल लागत नाही, सरकारी सनद लागत नाही, कुलीन घराण्याची शिफारस लागत नाही. एक कॉफीगृह, एक पट आणि बत्तीस मोहरी एवढ्यावर ती चालते. भाषा तर लागतच नाही, आणि घरी यिडिश, पाठशाळेत हिब्रू, बाजारात पोलिश व कचेरीत रशियन अशा चार भाषांच्या फेऱ्यात वावरणाऱ्या माणसाला, जेथे एकही शब्द न उच्चारता आपले म्हणणे पूर्णपणे मांडता येते असे एक स्थळ सापडणे, ही लहान गोष्ट नव्हे.

याच लोद्झच्या जवळ ओझोर्कुफ नावाचे गाव आहे. तेथे १९११ साली जन्मलेला सॅम्युएल रेशेव्हस्की वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी युरोप-अमेरिकेत एकाच वेळी वीस-वीस प्रौढांशी खेळून जिंकत असे, आणि पुढे अमेरिकेचा अनेक वेळा विजेता झाल्यावरही त्याने शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत मोहऱ्याला हात लावला नाही. स्पर्धांच्या व्यवस्थापकांना त्याचे डाव त्या बेताने लावावे लागत. आपल्या कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल तेल्यांना लोकांनी 'शनवार तेली' हे नाव दिले, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना या निष्ठेचे मूळ सांगावयास नको.

रूबिनस्टाइनचा एक डाव मात्र येथे थोडा जवळून पाहिला पाहिजे. १९०७ साली लोद्झमध्येच गेर्श रोटलेवी या तरुण ज्यू खेळाडूशी तो काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. बाविसाव्या खेळीला रोटलेवीने आपल्या राजासमोरचे एक प्यादे एक घर पुढे सरकवून काळ्या वजिरावर रोखले. कोणीही वजीर हलविला असता. रूबिनस्टाइनने वजिराला तेथेच मारावयास ठेवले आणि आपल्या एका हत्तीने पांढऱ्याचा तिसऱ्या ओळीतला घोडा मारला. रोटलेवीने वजीर घेतला. त्यावर रूबिनस्टाइनने दुसरा हत्ती थेट पांढऱ्या वजिराच्या शेजारच्या घरात, त्याच्या तोंडी नेऊन ठेवला. पांढऱ्या वजिराने तो हत्तीही घेतला, आणि तेथेच त्याचा पाय आपल्या उंटाच्या राखणीवरून सुटला. काळ्या उंटाने तो उंट मारून राजाला शह दिला. या उंटाला मारू शकला असता असा एकच मोहरा, तो घोडा, पहिल्याच घावात पटावरून गेला होता! वजिराला राजाच्या पुढे येऊन शह झेलावा लागला, आणि मग जो हत्ती घोडा मारून तिसऱ्या ओळीत थांबला होता, तो त्याच ओळीतून सरळ पटाच्या कडेला सरकला. पंचविसावी खेळी. पांढऱ्याचा वजीर पटावर आहे, दोन्ही हत्ती आहेत. काळ्याजवळ एक हत्ती, एक घोडा आणि दोन उंट. परंतु त्या दोन उंटांच्या दोन तिरप्या रेषा राजाच्या कोपऱ्यावर अशा येऊन मिळाल्या आहेत की मात टळत नाही. रोटलेवीने डाव सोडला. हा रोटलेवीही सामान्य नव्हता. १९११ साली कार्ल्सबादच्या मोठ्या स्पर्धेत तो चौथा आला होता. पुढे त्याला मज्जाविकाराने गाठले आणि १९२० साली, ऐन तारुण्यात, तो वारला.

या डावाची मोहिनी अशी आहे की लोक तेवढाच लक्षात ठेवतात, आणि त्यामुळे रूबिनस्टाइनचे खरे मोठेपण झाकले जाते. पटावर एकेक हत्ती आणि चार-दोन प्यादी उरली, प्रेक्षक उठून चालू लागले, म्हणजे त्याचे काम सुरू होई. प्रतिपक्षाच्या एखाद्या एकाकी प्याद्यावर, एखाद्या दुबळ्या घरावर तो तासन्‌तास हळूहळू दाब वाढवीत नेई. आणि हत्तीच्या अखेरच्या टप्प्याचे जे शास्त्र आज कोणत्याही पाठ्यपुस्तकात शिकविले जाते, त्याचे नमुने पुष्कळसे त्याच्याच डावांतून घेतलेले असतात. १९०९ साली सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेत जगज्जेता लास्कर स्वतः खेळत होता. त्याला रूबिनस्टाइनने हरविले आणि दोघे अठरांपैकी साडेचौदा गुणांवर बरोबरीने पहिले आले, तिसरा क्रमांक त्यांच्या साडेतीन गुण मागे. १९१२ या एका वर्षात त्याने सान सेबास्तियान, पिश्त्यानी, ब्रेस्लाउ, वॉर्सा आणि विल्ना अशा पाच स्पर्धांत पहिला क्रमांक मिळविला. ब्रेस्लाउला तेवढा दुरास हा खेळाडू त्याच्या बरोबरीचा होता. जगज्जेतेपदासाठी लास्करशी सामना व्हावा अशी बोलणी झाली, १९१४ चा शरद ऋतू ठरला, आणि त्या ऑगस्टात महायुद्ध पेटले. सामना कधीच झाला नाही.

त्या काळी जगज्जेत्याला आव्हान देण्याचा अधिकार गुणांनी मिळत नसे. आव्हान देणाऱ्याने सामन्याच्या बक्षिसाची रक्कम उभी करावी लागे. १९२२ साली तत्कालीन जगज्जेता कापाब्लांका याच्या पुढाकाराने लंडन येथे जे नियम ठरले, त्यांत ती रक्कम दहा हजार डॉलर ठरविण्यात आली, आणि त्याच वर्षी व्हिएन्नाची मोठी स्पर्धा जिंकणाऱ्या रूबिनस्टाइनला एवढा पैसा देणारा आश्रयदाता लाभला नाही. ज्या खेळात भांडवल लागत नाही म्हणून निर्धनांची मुले आली, त्या खेळाच्या शेवटच्या पायरीवर मात्र भांडवलच मागितले गेले, हा त्या व्यवस्थेचा दोष होता आणि तो तसाच म्हटला पाहिजे. तोपर्यंत रूबिनस्टाइनच्या मनालाही व्याधीने घेरले होते. माणसांचे भय त्याला वाटू लागले. खेळी केली की तो पटापासून उठून एखाद्या कोपऱ्यात जाऊन बसे आणि आपली पाळी आली म्हणजेच परते, असे त्याच्या समकालीनांनी लिहून ठेवले आहे. हँबुर्गचे सतरा डाव त्याने या अवस्थेत खेळले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तेरा विजयांचे मोल कळते. १९३१ साली प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये पोलंड दुसरे आले. १९३२ नंतर रूबिनस्टाइन स्पर्धांतून नाहीसा झाला.

हँबुर्गच्या बाकीच्या ज्यू खेळाडूंचे काय झाले? प्शेप्यूर्का हा वॉर्साचा सुस्थितीतला गृहस्थ. १९२८ साली हेग येथे हौशी खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत मॅक्स ऑयव्हच्या पाठोपाठ दुसरा आलेला, आणि त्याहून अधिक म्हणजे बुद्धिबळातील कूटरचनांचा थोर कर्ता. कूट रचणाऱ्याला पटासमोर प्रतिस्पर्धी नसतो. पटावर मोजकी मोहरी मांडून त्यांतून एकच एक सुटका निघेल अशी स्थिती निर्माण करावयाची, एवढाच त्याचा आनंद. जर्मनांनी वॉर्सा घेतल्यानंतर, १९४० च्या जानेवारीत, बुद्धिबळाच्या मंडळींचा जमाव जेथे होत असे अशा एका कॉफीगृहात गेस्टापोने धाड घातली आणि पकडलेल्यांत प्शेप्यूर्का होता. त्याच वर्षी वॉर्साजवळच्या पाल्मिरीच्या जंगलात त्याला गोळी घालण्यात आली. साठीला आलेला हा माणूस बुद्धिबळापायी घराबाहेर पडला होता.

तार्ताकोवर आणि फ्रीडमन हे दोघे १९३९ साली पोलंडच्या संघातून अर्जेंटिनाला गेले होते. अँटवर्पहून निघालेल्या पिरियापोलिस या आगबोटीने युरोपातले संघ ब्वेनोस आइरेसला पोहोचले, आणि ऑलिंपियाड चालू असतानाच १ सप्टेंबर उजाडला. जर्मनी आणि पोलंड हे दोन्ही संघ त्या वेळी अग्रभागी होते. त्यांची गाठ पडली तेव्हा एकही मोहरा न हलविता डाव दोन-दोन असे बरोबरीत नोंदविण्यात आले, आणि पॅलेस्टाइनच्या ज्यू संघाची जर्मनीशी गाठही तशीच कागदावर सोडविण्यात आली. अखेरीस जर्मनी ३६ गुणांनी पहिले आणि पोलंड साडेपस्तीस गुणांनी दुसरे. फ्रीडमन परतला नाही. ब्वेनोस आइरेसच्या रेक्स कॉफीगृहात त्याने बुद्धिबळाचा अड्डा चालविला, आणि त्याच्यासारखाच तेथे अडकलेला पोलिश लेखक विटोल्ड गोम्ब्रोविच याने परदेशातली कित्येक एकाकी वर्षे तेथल्या पटांच्या सोबतीने काढली. तार्ताकोवर मात्र, पन्नाशी उलटलेली असताना, युरोपकडे परत निघाला आणि स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत 'लेफ्टनंट कार्तिए' या नावाने लढला.

१९३९ च्या त्याच पोलिश संघात ग्रोद्झिस्कचा मिग्वेल नायडॉर्फ होता. त्याची पत्नी, लहान मुलगी, आईवडील, भावंडे पोलंडमध्ये मागे राहिली होती आणि पत्रव्यवहार तुटला होता. त्याने एक विलक्षण मार्ग काढला. डोळे बांधून, पट न पाहता, केवळ खेळ्या ऐकून व सांगून एकाच वेळी अनेकांशी खेळण्याचा जागतिक विक्रम आपण केला, तर त्याची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून येईल, आणि पोलंडच्या कोठल्यातरी कोपऱ्यात घरचे कोणी जिवंत असेल तर ते आपले नाव वाचील. १९४३ साली रोझारिओ येथे त्याने चाळीस पट घेतले. १९४७ च्या जानेवारीत साओ पाउलो येथे पंचेचाळीस. एकोणचाळीस डाव जिंकले, चार बरोबरीत, दोन हरले. बातमी छापून आली. पोलंडमधून घरच्यांपैकी कोणाचेही उत्तर आले नाही. आज सांगलीत, पुण्यात, कोठल्याही बुद्धिबळाच्या वर्गात मुले सिसिलियन बचावातील 'नायडॉर्फ' पाठ करतात, तेव्हा शिकविणाऱ्याने एकदा तरी हे नाव कोणाचे, एवढे त्यांना सांगावे असे मला वाटते.

आता एका घृणास्पद प्रकरणाचा उल्लेख केल्यावाचून हा मजकूर पुरा होत नाही. १९४१ साली पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना 'पारिसर त्साइटुंग' या वृत्तपत्रात तत्कालीन जगज्जेता अलेखाइन याच्या नावाने एक लेखमाला आली, जिचा सिद्धान्त असा की आर्यांचे बुद्धिबळ हे धाडसाचे व चढाईचे, आणि ज्यूंचे बुद्धिबळ हे भित्र्या बचावाचे व लाभाच्या हिशेबाचे. युद्धानंतर अलेखाइनने ती आपली नव्हे असे सांगितले. ती कोणाचीही असो. असल्या सिद्धान्ताला उत्तर म्हणून ज्यू खेळाडूंनी धाडसाची प्रमाणपत्रे सादर करण्याचे कारण नव्हते, कारण लोद्झच्या त्या डावात वजीर आणि हत्ती दोन्ही देऊन टाकणारा माणूस ज्यू होता आणि तो डाव तेव्हाही सर्वांना पाठ होता. परंतु याच्या उलट दिशेचे जे विधान आपण गौरव म्हणून सहज करतो, की ज्यूंची बुद्धीच मुळी पटासाठी घडलेली आहे, तेही मला तितकेच अप्रमाण वाटते. वंशाच्या रक्तात मोहऱ्यांच्या चाली नसतात. प्रागमधील वस्तीच्या भिंती, झारचे हुकूम, तालमूदच्या पानाभोवतीचे वाद, गिरणीच्या शहरातील कॉफीगृहे आणि रात्र-रात्र जागून केलेला अभ्यास, यांतून ती परंपरा घडली. आणि जी परिस्थितीने व कष्टाने घडली होती ती माणसे मारून नष्ट करता येते, हे पोलंडात तीन-चार वर्षांत दिसून आले.

रूबिनस्टाइन मात्र वाचला. बेल्जियममध्ये, लोकांच्या नजरेआड, त्याने ते दिवस काढले. १९५० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने 'ग्रँडमास्टर' हा किताब प्रथमच अधिकृतपणे दिला तेव्हा सत्तावीस जणांच्या यादीत बोत्विनिक, ब्रॉन्स्टाइन, रेशेव्हस्की, नायडॉर्फ यांच्याबरोबर तार्ताकोवरचे नाव होते, आणि अठरा वर्षांत एकाही स्पर्धेत न उतरलेल्या रूबिनस्टाइनचेही होते. १४ मार्च १९६१ रोजी तो अँटवर्प येथे वारला. १९६३ पासून पोलंडमधील पोलानित्सा या गावी त्याच्या नावाने स्पर्धा भरते.

घरी पट असेल त्या वाचकाने एखाद्या संध्याकाळी रोटलेवीविरुद्धचा तो डाव मिळवून मांडावा, आणि बाविसाव्या खेळीपाशी थांबून, पुढचे पान न उलटता, काळ्याची खेळी स्वतः शोधावी.